नाशिकची वाइन चाखताना या चुका टाळा

एप्रिलची संध्याकाळ. पंखा पाचवर, तरी घरात ३३ अंश. ताई आणि दाजी पुण्याहून आले होते आणि मी जेवणाच्या टेबलावर बाटल्या मांडत होतो. काही व्हाइट, काही रेड, सगळ्या आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या. दाजींनी गार पाण्यासाठी फ्रिज उघडला, आत शिराझ ही रेड वाइन दिसली आणि तिथूनच ओरडले, "अरे, रेड कुणी फ्रिजमध्ये ठेवतं का? ती रूम टेम्परेचरला प्यायची असते!" बाटली काढून त्यांनी ओट्यावर ठेवली. शेजारी गॅसवर ताईचं पिठलं रटरटत होतं.

तीच शिराझ मी जोडीने आणली होती. दुसरी बाटली गपचूप आतच राहू दिली. पाऊण तासाने दोन्हींतून थोडी थोडी ओतून दाजींपुढे ठेवली. ओट्यावरच्या ग्लासातून आधी स्पिरिटचा भपकारा आला, मग जांभळाचा रस जास्त आटवल्यावर येतो तसा वास. दुसऱ्या ग्लासात मिरी होती, ताजं जांभूळ होतं, मागे थोडं लाकूड. दाजींनी दुसऱ्या ग्लासाकडे बोट दाखवलं. "ही महागातली का?"

'रूम टेम्परेचर' हा नियम जाड दगडी भिंतींच्या, थंड हवेच्या घरांतून आलेला आहे. तिथली रूम १६ ते १८ अंशांची. नाशिकची, पुण्याची, ठाण्याची रूम वर्षातले बरेच महिने २८ च्या पुढे असते. तेव्हा रेड चाखायच्या आधी अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवायची, बिनदिक्कत. व्हाइटचं उलटं होतं. ती रात्रभर फ्रिजमध्ये राहते, चार-पाच अंशांवर थेट ग्लासात येते आणि मग कुणीतरी म्हणतं, "हिला काही वासच नाही." वास असतो, गारठलेला असतो. व्हाइटला ८ ते १२ अंश पुरतात, म्हणून दहा मिनिटं आधी बाहेर काढा. घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवा. पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. पाणी हवंच, कारण नुसता बर्फ बाटलीला सगळीकडून टेकत नाही. फ्रीझरच्या वाटेला जाऊ नका, स्पार्कलिंगच्या, म्हणजे बुडबुडे येणाऱ्या वाइनच्या, बाबतीत तर मुळीच नाही. विसरलात तर बाटली फुटते.

मी बऱ्याच जणांना नाशिकची वाइन चाखताना पाहिलं आहे. चुका होतात त्या अडाणीपणातून कमी आणि उसन्या नियमांतून जास्त.

'नाशिकची' म्हणजे नक्की कुठली?

एकाच प्रदेशाच्या वाइन्स शेजारी शेजारी ठेवून चाखायच्या, तर आधी त्या एकाच प्रदेशाच्या आहेत ना, हे बघायला हवं. दुकानदार "महाराष्ट्राची वाइन" म्हणून जी बाटली पुढे करतो ती नाशिकचीच असेल असं नाही. फ्रातेल्ली या कंपनीचे मळे सोलापूर जिल्ह्यात, अकलूजकडे आहेत. ग्रोव्हर झंपाची एक वाइनरी इगतपुरी तालुक्यात सांजेगावला आहे आणि दुसरी बंगळूरजवळ नंदी हिल्सच्या पायथ्याशी. सुला म्हणजे नाशिक हे समीकरण डोक्यात पक्कं बसलेलं असतं, पण त्यांच्याही काही बाटल्या कर्नाटकातल्या द्राक्षांच्या असतात. 'नाशिक व्हॅली वाइन' या नावाला भौगोलिक मानांकन आहे, तरी खरेदी करताना बाटली उलटी फिरवून मागचं बारीक अक्षर वाचण्याला पर्याय नाही. पुढच्या बाजूला कंपनीचं नाव दिसतं, द्राक्ष कुठलं ते बहुतेक वेळा मागे लिहिलेलं असतं.

जिल्ह्याच्या आतही एकच हवा नाही. सांजेगाव इगतपुरीच्या पावसाच्या बाजूला. गंगापूर धरणाच्या काठावरची हवा वेगळी. दिंडोरी वेगळी. निफाड-विंचूरचा पट्टा तर थंडीत पारा किती घसरला या बातमीसाठीच पेपरात येतो. त्यामुळे "नाशिकची शिराझ अशी लागते" हे वाक्य दोन बाटल्या पिऊन बोलू नये.

मांडणीतली चूक याहून मोठी. लोक काय करतात? एका वाइनरीची शनॅ ब्लाँ (व्हाइट), दुसरीची कॅबरने (रेड), तिसरीची रोझे (गुलाबी), चौथीची रिझर्व्ह (वाइनरीची निवडक वाइन) असं जे मिळेल ते आणतात. चव वेगळी लागली तर ती द्राक्षामुळे, मातीमुळे, की वाइन ओकच्या पिंपात ठेवल्यामुळे, हे मग कुणालाच सांगता येत नाही. काहीतरी एक गोष्ट बांधून ठेवा. एकच द्राक्ष, तीन वाइनरी. किंवा एकच वाइनरी, चार द्राक्षं. पहिल्यांदा बसणार असाल तर मी तीन सॉव्हिन्यॉ ब्लाँ (ही व्हाइट) आणि तीन शिराझ सुचवेन. नाशिकमध्ये ही दोन्ही द्राक्षं रुळली आहेत आणि बाटल्या सहज मिळतात.

आणि चाखता चाखता "पण फ्रान्सच्या वाइनसारखी नाही बुवा" हे म्हणू नका. कशी असेल? तिकडे वेल हिवाळ्यात झोपतो, शरदात हवा थंड होत असताना द्राक्ष पिकतं. आपल्याकडे वेल झोपतच नाही. शेतकरी वर्षातून दोनदा छाटतो: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाळा सरता सरता सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. म्हणजे आपलं द्राक्ष थंडीत भरतं आणि उन्हाळ्याकडे तोंड करून पिकतं. फेब्रुवारीत ऊन चढायला लागलं की साखर भराभर वाढते आणि आंबटपणा उतरतो. आठवडाभर आधी तोडलं तर वाइन हिरवी लागते, आठवडाभर उशीर झाला तर जॅमसारखी. नाशिकच्या दोन बाटल्या शेजारी ठेवल्यावर हा तोडणीचा निर्णय जिभेला कळतो, आणि मला तरी त्यातच खरी गंमत वाटते.

माळ्यावरची सहा वर्षं

आमच्या एका नातलगांनी लग्नात भेट आलेली सॉव्हिन्यॉ ब्लाँ "जुनी होऊ दे" म्हणून माळ्यावर ठेवली, पितळी घंगाळ आणि गणपतीच्या मखराशेजारी. लग्नाच्या सहाव्या वाढदिवसाला उघडली. रंग कोऱ्या चहाचा, वास चिरून ठेवलेल्या सफरचंदाचा. सगळ्यांनी कौतुकाने एकेक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवले.

नाशिकच्या बहुतेक व्हाइट्स तोडणीपासून वर्ष-दोन वर्षांत प्यायच्या असतात. रेडपैकी चांगल्या रिझर्व्ह काही वर्षं टिकतात, तेही गार, अंधाऱ्या जागी आडव्या ठेवल्या तर. माळा ही घरातली सगळ्यात तापणारी जागा.

लेबलवरचं साल वाचतानाही एक गफलत होते. ते साल तोडणीचं. २०२४ लिहिलेल्या नाशिकच्या बाटलीतलं द्राक्ष २०२४ च्या सुरुवातीलाच तोडलेलं असणार. युरोपातलं २०२४ चं द्राक्ष त्या सप्टेंबर-ऑक्टोबरातलं. एकाच सालाच्या दोन बाटल्यांमध्ये आपली सहा-आठ महिन्यांनी मोठी असते. व्हाइट घेताना एवढा फरक धरावा लागतो.

झाकणाचंही सांगून टाकतो. फिरकीचं झाकण म्हणजे स्वस्त माल नव्हे. ताजी प्यायच्या वाइनला ते बुचापेक्षा बरं, आणि आपल्या उन्हाळ्यात तर नक्कीच बरं. दुकानातून घेताना काचेच्या शोकेसमध्ये दिव्याखाली उभी केलेली बाटली नको म्हणा, आतल्या खोक्यातली मागा. बूच तोंडातून वर उचललेलं असेल किंवा मानेशी चिकट ओघळ सुकलेला असेल तर ती बाटली कुठेतरी तापली आहे.

जिलेबीनंतर चहा

जिलेबी खाऊन चहा प्यायला की चहा फिका लागतो, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. वाइनच्या वेळी मात्र विसरतो. नाशिकच्या बऱ्याच शनॅ ब्लाँमध्ये थोडी साखर शिल्लक ठेवलेली असते. ती आधी घेतली की मागून येणारी सॉव्हिन्यॉ ब्लाँ लिंबासारखी झोंबते आणि बिचारी उगाच बदनाम होते. म्हणून बिनसाखरेच्या व्हाइट आधी, किंचित गोड शनॅ त्यांच्या शेवटी, मग रोझे, मग हलक्या रेड, मग शिराझ-कॅबरने, ओकमधली रिझर्व्ह सगळ्यात मागे. लेट हार्वेस्टसारखी (उशिरा तोडलेल्या द्राक्षांची) गोड डेझर्ट वाइन असेल तर ती अगदी शेवटी, पानावरच्या गोडासारखी. स्पार्कलिंगने सुरुवात केली तर उत्तमच.

"ड्राय आहे, जीभ कोरडी पडली"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही. ड्राय म्हणजे साखर न उरलेली वाइन. जीभ कोरडी पडते ती दुसऱ्या कारणाने, आणि त्या कारणासाठी मराठीत रोजच्या वापरातला शब्द आहे: तुरट. इंग्रजीतून वाइन शिकणाऱ्याला टॅनिन म्हणजे काय ते शिकावं लागतं. आपण कच्चं केळं, सुपारी, हिरडा, जांभळाची साल खाऊन मोठे झालेलो आहोत. जास्त उकळलेल्या कोऱ्या चहाने हिरड्या आवळल्यासारख्या होतात ना, तेच हे. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून तुरटपणा येतो. रेड सालींसकट आंबवतात म्हणून तो रेडमध्ये ठळक, व्हाइटमध्ये जेमतेम.

गोंधळ चार चवींचा असतो, तेव्हा त्या एकदा जिभेवर वेगळ्या करून घ्या. आंबट असेल तर घोट गिळल्यावर तोंडाला पाणी सुटतं, कैरी पाहिल्यावर सुटतं तसं. तुरट असेल तर उलटं, ओठांच्या आत आणि हिरड्यांवर खरखर येते. कडू घशाशी, कारल्यासारखं, मागे रेंगाळतं. अल्कोहोल जास्त असेल तर छातीत ऊब उतरते. आमच्या टेबलावर ताईने पहिल्या शिराझला "कडू" म्हटलं. मी तिला एक सुपारीचं खांड दिलं आणि नंतर पुन्हा घोट घ्यायला लावला. "कडू नाही रे, तुरट आहे," ती स्वतःच म्हणाली. (सुपारीनंतरचा तो घोट फुकट गेला हे खरं, पण शब्द सापडला.)

दुसरा गोंधळ गोड वासाचा. व्हिओन्ये ही व्हाइट नाकाशी नेली की जर्दाळू, फुलं, कधी पिकलेल्या पेरूसारखं काही येतं आणि माणूस म्हणतो, "गोड आहे." प्यायल्यावर साखर नसते. गोड हा वास नाही, ती चव आहे. खात्री करायची तर नाक चिमटीत धरून घोट घ्या. तेव्हा फक्त जीभ बोलते. नाक सोडलं की पेरू परत येतो.

वासांची नावंही उसनी घेऊ नका. परदेशी टिपणांत गूजबेरी, ब्लॅककरंट, व्हायोलेट असतात. ज्याने गूजबेरी कधी पाहिली नाही त्याने मान डोलावण्यात काय अर्थ? ताईने वहीत नाशिकच्या एका सॉव्हिन्यॉ ब्लाँपुढे लिहिलं: "सिमला मिरची चिरल्यावर हाताला येतो तो वास." पाठ्यपुस्तकात याहून बरोबर लिहिता येणार नाही. सिमला मिरचीत जी संयुगं तो हिरवा वास देतात, त्याच कुळातली सॉव्हिन्यॉ ब्लाँ आणि कॅबरनेच्या द्राक्षात असतात. शिराझमधल्या मिरीच्या वासाचंही तसंच: काळ्या मिरीत जो रेणू आहे तोच काही शिराझमध्ये सापडतो. म्हणजे हिरवा वास हा दोष नाही. फार झाला तर तोडणी लवकर झाली असं समजायचं, एवढंच.

सकाळची मिसळ

नाशिकला वाइनरी बघायला आलेली मंडळी सकाळी मिसळ चापतात, तर्री दोनदा मागवतात आणि अकरा वाजता चाखायला बसतात. तिखटाने पोळलेल्या जिभेला अल्कोहोल अजून जळजळतं आणि रेडचा तुरटपणा दुप्पट वाटतो. मिसळ परत जाताना खा. तंबाखू, गुटखा, बडीशेप, पुदिन्याच्या गोळ्या, नुकतंच घासलेलं तोंड, हे सगळं तासभर लांब ठेवा. अत्तर आणि मोगऱ्याचा गजरासुद्धा. शेजारच्या माणसाच्या ग्लासात तुमचा मोगरा उतरतो. मधे तोंड साफ करायला साधं पाणी आणि बिनतिखटाचा पाव किंवा पोळीचा तुकडा पुरे. चिवडा, वेफर्स, चकल्या नंतर.

वास बिघडलाय की ग्लास?

वाइन कुबट वाटली की लगेच बाटलीवर आळ घेऊ नका. आधी रिकामा ग्लास हुंगा. दहापैकी निम्म्या वेळा चोर तिथेच सापडतो, निदान आमच्या घरी तरी. कपाटातल्या डांबरगोळ्या, नव्या प्लायवुडचा उग्र दर्प, भांडी घासायच्या साबणाचं लिंबू, फोडणीच्या हाताने पुसलेलं फडकं. गरम पाण्याने नुसतं विसळा, उपडा न ठेवता वाळवा, आणि पहिला थेंबभर घोट फिरवून फेकून द्या.

ग्लास साफ असेल तर मग बाटली. काडेपेटीच्या गुलाचा किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला तर घाबरू नका. ग्लास गोल फिरवा, दहा मिनिटं थांबा. बऱ्याचदा उडून जातो. पावसाळ्यात ओल धरलेल्या रद्दीचा, भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास मात्र थांबून जात नाही, वाढतो. तो बुचातून आलेला दोष, ती बाटली गेली. विषारी नसते, पण चाखण्यात अर्थ नाही, दुकानात परत न्यावी. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा व्हिनेगरचा वास झोंबत असेल तर वाइन आंबटीकडे गेलेली आहे. व्हाइट तपकिरी पडून सफरचंदाच्या फोडीसारखी वासत असेल तर तिला हवा लागली आहे.

व्हाइटच्या तळाशी साखरेसारखे खडे दिसले की लोक हमखास घाबरतात. ती साखर नाही, काचही नाही. द्राक्षातल्याच टार्टारिक आम्लाचे क्षार थंडीने जमतात. अलगद ओता, तळ बाटलीतच राहू द्या.

हिशोब पेगमध्ये

ग्लास काठोकाठ भरून कुणी चाखत नाही. एक तृतीयांशाच्या वर गेलात तर फिरवायला आणि वास साठायला जागाच उरत नाही. तरी ५० मिली ओतली आणि सहा बाटल्या झाल्या तर माणशी ३०० मिली होतात. १३ टक्क्यांच्या हिशोबाने त्यात व्हिस्कीच्या तीन छोट्या पेगांएवढं अल्कोहोल जातं. चौथ्या वाइनपासून सगळ्याच "मस्त" लागायला लागतात याचं कारण वाइनमध्ये नसतं. म्हणून ३० मिली ओता आणि थुंका. पिकदाणी हा शब्द ज्या भाषेत आहे तिला यात लाज वाटायचं कारण नाही, रुंद तोंडाचं भांडं ठेवा म्हणजे झालं. वाइनरीत जाणार असाल तर गाडी चालवणारा एक जण आधीच ठरवा. कायद्याने १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे आणि मुंबईचा रस्ता कसारा घाटातून जातो.

लेबल बघून मत बनतंच, माझंही बनतं. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून १ ते ६ आकडे घाला, आणि कोण काय म्हणालं ते आकड्यापुढे लिहा. बोलण्याआधी लिहायचं, नाहीतर दाजी जो म्हणतात तोच वास सगळ्यांना येऊ लागतो.

उरलेलं

उघडलेल्या बाटल्या, रेडसुद्धा, झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये उभ्या ठेवा. व्हाइट दोन-तीन दिवस, रेड तीन-चार. स्पार्कलिंग त्याच रात्री संपवलेली बरी. रोज एक घोट घेऊन बघा. पहिल्या दिवशी आवळलेली एखादी रिझर्व्ह दुसऱ्या दिवशी सैल होते.

त्या एप्रिलच्या संध्याकाळनंतर ओट्यावरची शिराझ निम्मी उरली होती. तीही मी फ्रिजमध्ये टाकली. दुसऱ्या दिवशी मटणासोबत दाजींनी स्वतःच बाटली काढली, १६-१७ अंशांवर येईपर्यंत जरा थांबले, आणि ग्लास नाकाशी धरून विचारलं, "ही कुठली नवीन उघडलीस?"